माझं दुखणं आणि सोबतीला साडूभाऊ

चिखलीपासून देहूपर्यंत, दुसऱ्याच्या सोबतीला जायची आमच्या साडूभाऊंइतकी हौस कुणालाच नव्हती, आणि असलीच तर त्याच्या सोबतीला साडूभाऊच गेलेले असणार. साडूभाऊ म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे, अक्कांचे यजमान. पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. कुणी नुसतं म्हणावं, रेशनला निघालोय, की यांच्या पायात चपला. स्टॉपवर कुणी एकटा दिसला की त्याच्याजवळ थांबणार, त्याला बसमध्ये बसवून देणार आणि तोवर आपली बस चुकली म्हणून पायी घरी येणार. खात्यातला एक जण दात काढायला घाबरत होता. हे सोबतीला गेले आणि स्वतःचाही एक काढून आले. म्हणाले, "त्याला एकट्याला बरं दिसलं नसतं." तो दात चांगला शाबूत होता, असं अक्का शेवटपर्यंत सांगत.

एकोणीसशे सत्तर सालच्या आसपास कधीतरी हा माणूस विझला. का, ते कुणालाच सांगता येईना. जेवण तुटलं, कामावर जाणं बंद, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. एकदा अक्कांना म्हणाले, "मी नसलो तर कुणाचं काय अडतंय?" त्या दिवसापासून अक्कांनी विहिरीकडच्या दाराला कुलूप घातलं. कंपनीच्या डॉक्टरांनी पुण्याचे एक डॉक्टर सुचवले. ते म्हणे माणसाला बोलतं करून बरं करतात. साडूभाऊ ऐकेनात. "मी काय येडा हाय व्हय?" अक्का रडून थकल्या. शेवटी मी म्हणालो, "साडूभाऊ, मलाच जायचंय त्या डॉक्टरकडे. एकट्याला जाववत नाही." ते उठले, दाढी केली आणि चपला शोधायला लागले.

तेव्हापासून दर गुरुवारी, माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आमची वरात पुण्याला. डॉक्टरांच्या कानावर मी आधीच सगळं घातलं होतं. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" मी तोंड उघडायच्या आत साडूभाऊ सरसावले. "ह्यांना पहाटंच जाग येती, सायेब. मग वाटतं, उठून करायचं काय? घास गोड लागत न्हाई. चार माणसांत बसलं तरी एकटंच वाटतं." बायकोने गदगदा हलवल्याशिवाय न उठणारा मी, मुकाट्याने मान डोलवत होतो. डॉक्टरही पक्के. "यांच्या मनात तेव्हा आणखी काय येतं?" असं साडूभाऊंनाच विचारायचे, आणि साडूभाऊ घामाघूम होऊन माझं दुखणं सांगायचे. रोज संध्याकाळी लांब चालायला जायचं, हा गृहपाठ मात्र माझ्या गळ्यात पडला, कारण पेशंट मी. साडूभाऊ सायकल मारत चिंचवडला माझ्या दारात हजर. एकदा मी खरंच वैतागलो. म्हटलं, आज मन नाही, राहू द्या. तर म्हणाले, "मन न्हाई म्हणतंय म्हणूनच जायचं, पाव्हणं. त्याच्या होकाराची वाट बघत बसलो तर उठायचं कधी?" ज्याला अंथरूण सोडवत नव्हतं तो माणूस मला ओढून नेत होता. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, आणि पाय दुखत होते म्हणून रागही आला.

मग एका गुरुवारी मला सणकून ताप भरला. बायकोने सकाळीच चिखलीला निरोप धाडला, आणि तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पेशंटच नाही म्हटल्यावर सोबतीला आलेला माणूस कशाला जाईल? तो पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. दुपारी राहवेना, कण्हत कण्हत तिकडे गेलो. अक्का ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मागे विहिरीकडचं दार सताड उघडं होतं.

"ते कुठायत?"

"पुण्याला गेलं की, सकाळच्या बसनं."

"एकटेच?"

"व्हय. म्हनलं, पाव्हण्यांचं आता बरंच बरं हाय. माझंच थोडं राहिलंय." अक्कांनी सुपातून मान वर केली नाही. "जाताना ते कुलूपबी काढायला लावलं."

साडूभाऊ पुढे कामावर रुजू झाले, रिटायर झाले, म्हातारे होऊन गेले. आता मला खरोखरच पहाटे जाग येते. परवा दवाखान्यात नर्सने विचारलं, "आजोबा, सोबत कोण आहे?" मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं, आणि म्हणालो, येतीलच.