ह्यांच्यासोबत जेवायच्या पाळ्या

ये गं, इकडं जवळ बस. लग्नाच्या मांडवात भेटतेस आणि लांबूनच हात हलवून निघतेस, असं असतंय व्हय? मोबाईल ठेव बाजूला, माझी गंमत ऐक.

आमच्या ह्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन करून पोटाची अर्ध्याहून जास्त पिशवी काढून टाकली. घरी सोडताना दवाखान्यातल्या आहारवाल्या ताईंनी मला बजावलं, आता पोटात मावणार थोडंच, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. वजन उतरत गेलं तर केमोचे डोस लांबतील. मी मऊ खिचडी, उकडलेलं अंडं, घट्ट वरण घेऊन बसायची, आणि हे भिंतीकडं तोंड फिरवायचे. भूकच नाय म्हणे. वजनाचा काटा खाली खाली, अन् माझा जीव वर.

अशात शेजारची भाभी ह्यांना बघायला आली. मी तिच्यापुढं पोहे ठेवले, तर ती बशीला हात लावंना. म्हणाली, "भाईसाहब नहीं खाते तो मेरे कू कैसा उतरेगा?"

आता पाहुण्याला उपाशी धाडणं ह्यांना जन्मात जमलेलं नाय. ह्यांनी आग्रह धरला, तिनं हट्ट धरला. शेवटी तिनं खावं म्हणून ह्यांनी खिचडीचे चार घास घेतले. मला तर लई वाटलं, उठून फुगडी घालावी.

मग काय, मी पाळ्याच लावल्या. सकाळी भाभी, दुपारी मुक्कामाला आलेल्या सोयगावच्या विहीणबाई, आणि वाळूजच्या कंपनीतून सुटला की चारला पुतण्या. सगळ्यांना पढवून ठेवलं : हात धुवून बसायचं, आणि ह्यांनी घास घेतल्याबिगर ताटाला शिवायचं नाय. ह्यांचं वजन वाढायच्या आधी पुतण्याचंच पोट सुटलं. एक दिवस त्याच्या शर्टाची गुंडी तटकन तुटून वरणात पडली, विहीणबाई हसून हसून आडव्या झाल्या.

ह्यांना संशय आलाच. "खरं सांग, तू ह्या लोकांना ड्यूटी लावली का?"

मी व्हय म्हणाले. टाक्यांवर उशी दाबून हे इतके हसले, इतके हसले, अन् म्हणाले, "मग रातपाळीला कोन हाय?"

पुढच्या तपासणीला काटा वर सरकला. डोस वेळेवर सुरू झाले आणि पारही पडले. पण हे थोडं थोडं खाणं आता कायमचं बघ. पुतण्या पोट कमी करायला निघालाय, त्यामुळं चारची पाळी रिकामी पडलीय. आणि एकटं बसवलं की हे अजून ताट सरकवतात. तेव्हा तू घरी ये लवकर, ह्याच आठवड्यात ये. आणि येताना कुठं काही खाऊन येऊ नको.