मास्तरांचे बोळे

बँडमधली मंडळी कानातल्या बोळ्यांना ‘मास्तरांचे बोळे’ म्हणत आणि मी खुशाल म्हणू देई. ते बोळे माझे नव्हते, हे आता सांगूनच टाकतो.

सत्तरच्या दशकात वडगावात आमच्या लग्नाच्या बँडची तालीम यंत्रमागांच्या शेडशेजारी चाले. ढोलापुढे क्लॅरिनेट वाजवून माझ्या कानांत सतत शिट्टी वाजू लागली होती. वाजवणंच सुटतंय की काय, अशी धास्ती होती. नुसता कापूस पुरत नव्हता, नुसत्या मेणाने सूरच हरवत होता.

एकदा शेडमधली विणकर बाई दारात आली. "व्हय अण्णा, आमच्या मागांपरीस तुम्हीच लई वरडताय की!"

मी कान दाखवले. तिने हसत स्वतःच्या कानातला बोळा काढला. पातळ मेणात जेमतेम बुडवून बोटांनी मळलेला कापूस!

"आवाज मारायचा न्हाय. त्येचं दात पाडायचं."

तसे बोळे घालून वाजवलं आणि अहाहा! ढोल लांब गेला, माझा सूर जवळ आला! तसाच शेडमध्ये धावलो, ओरडून तिचं नाव विचारलं. धडधडत्या मागांमधून तिने ते सांगितलं. माझ्या कानांत बोळे होते. तिचे ओठ हललेले दिसले आणि मी ऐकल्यासारखी मान डोलावली.