शकूताईचा कावळा

दुपारची झापड येतेय आणि रतनच्या ओटीपोटातला निखारा तसाच आहे. आत्ताच लघवीला जाऊन आलीय, तरी पुन्हा लागल्यासारखं होतंय. सोळा वर्षं हेच. डोळा लागतो न लागतो तोच ती सोनोग्राफीच्या बाकावर बसलेली असते, तीन तांबे पाणी ढोसून, मांड्या आवळून. शेजारी शकूताई. तिची थोरली जाऊ. कॅन्सरनं जाऊन वर्ष झालं तिला.

मेली तरी केस दाट आहेत बयेचे. रतनला आधी तेच खुपतं.

खुपणारच. शकूताईच्या दुखण्याला नाव होतं. ते कळलं तसं सगळं घर तिच्या पायाशी आलं. नणंदा शहाळी आणायच्या, थोरले दीर पाय चेपायचे, सासू देव पाण्यात घालून बसली. रतनचे रिपोर्ट मात्र दर वेळी नॉर्मल. डॉक्टर म्हणाला, मन रमवा. सासू म्हणाली, कामाच्या वेळेलाच बरं दुखतं. रतन देवाला विचारायची, मला का नाही रे एखादी गाठ? लाज वाटायची नाही. अजून वाटत नाही.

"तूही हसायचीस," रतन म्हणते. "रतनची नाटकं म्हणायचीस."

"म्हणायचे." शकूताई पदर सारखा करते. "मग शेवटी मला लघवीची नळी घातली. दोन दिवसांत वाटलं, ही आग थांबवा नाहीतर मारून टाका. तेव्हा तू आठवलीस."

"मग बोलली का नाहीस? तुझं ऐकलं असतं सगळ्यांनी."

"म्हणूनच. तुझं खरं ठरलं असतं तर निम्मी माणसं माझ्या खाटेजवळनं उठून तुझ्याकडं आली असती. मला वाटून घ्यायची नव्हती."

बाक आता घाटाची पायरी झालाय. खाली कृष्णा. शकूताईचाच दहावा चाललाय आणि पिंडाला कावळा शिवत नाही. दीर म्हणतात, पोरांची लग्नं लावून देईन. सासू म्हणते, तुझं सोनं तुझ्या लेकीलाच देईन. कावळा ढिम्म. रतनला त्या दिवशी दम निघाला नव्हता, ती झुडपामागं पळाली होती; आजच्या दिवशी तरी, असं बायका कुजबुजल्या होत्या. ती परत आली आणि कावळा शिवला. सगळे म्हणाले, सोन्यात जीव अडकला होता.

"सोनं कुठलं," शकूताई म्हणते. "तू येईस्तोवर थांबले होते."

रतनला रडू येत नाही, रागच येतो. मेल्यावरची कबुली काय चाटायची? इथं ऐकायला आहे कोण?

शकूताई तीळ घातलेला पिंड मोडून दोन्ही हात पुढं करते. मेलेल्या माणसानं दिलेलं स्वप्नात खाऊ नये, हे रतनला पोरवयापासून ठाऊक. ती आधी बघते, मोठा वाटा कुठल्या हातात आहे. तोच उचलते. खाते.

जाग येते. निखारा जागेवर. बाहेरनं सासू विचारते, उठलीस का, चहा टाक.

"दुखतंय मला. आज तुम्ही टाका," रतन म्हणते. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

तिच्या जिभेला दाढेत काहीतरी टोचतं. ती नखानं काढून उजेडात धरते.

काळा तीळ.