महिपतच्या पायातला अंगारा

नाटे गावातल्या सगुणाबाईंचा सगळा भरवसा गावच्या देवीवर. विमानावर तो रतीभरही नव्हता. पण बंगळूरला लेकीच्या, श्रद्धाच्या, बाळाचं बारसं होतं, तेव्हा जाणं भाग होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, अंगाऱ्याची पुडी आणली आणि रात्री नवरा महिपत झोपल्यावर त्याच्या खोट्या पायावरच्या मोज्यात गुपचूप सारून दिली.

महिपतने देवाचं नाव सोडलं त्याला वर्षं झाली होती. मासेमारीच्या बोटीवर दोरात अडकून पाय गेला, तेव्हापासून. दिवा मालवल्याशिवाय तो खोटा पाय काढत नसे, बायकोसमोरसुद्धा. पुडीचं कळतं, तर त्याने ती परसात भिरकावली असती.

मुंबईच्या विमानतळावर जवानाने त्याला अदबीने खुर्चीवर बसवलं. "बाबा, पाय काढू नका, वरूनच तपासतो," म्हणाला. आणि मोज्यातून पुडी निघाली! ती राखाडी भुकटी बघून आणखी दोघे धावले. मग आडोशाच्या खोलीत नेऊन पाय काढायला सांगितलं. सोबतीला सगुणाबाई होत्याच.

"हे कुणी ठेवलं?" जवानाने विचारलं.

आपल्याला इथेच धरून ठेवतील, नातवाचं तोंड दिसायचं नाही, या भीतीने सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे खोट्या पायाचा पट्टा सुटल्याचा आवाज आला.

"मीच ठेवला. देवीचा अंगारा हाय," महिपत म्हणाला.

तपासून दोघांना सोडलं. बारसं थाटात झालं. पुडी आपणच ठेवली हे कबूल करावं असं सगुणाबाईंच्या सारखं मनात येई, आणि तोंड उघडवत नसे. नवरा तर त्यावर अक्षर बोलला नाही. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे.

परतीच्या दिवशी सकाळी महिपतने लेकी-जावयासमोर, भर उजेडात, पाय काढला आणि बायकोपुढे धरला.

"बघून घे गो. आणखी काय ठेवलं असशील तर आताच काढ."

सगुणाबाईंना रडू फुटलं. "चुकला माझा. माझ्यापायी तुमाला परक्यांसमोर पाय काढायला लागला."

"पायाचा काय नाय गो," तो म्हणाला. "अंगाऱ्याचा पण नाय. मी पाय काढला तेवा तू भिंतीकडं तोंड फिरवलंस."