मढच्या रस्त्यावर दिलेलं चाक

माझा भाऊ सुधीर शनिवारी लिफाफा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच माझा रविवार गेला हे मी ओळखलं. लिफाफ्यात त्याच्या मुलीच्या, गार्गीच्या नावाने भरलेला नोकरीचा अर्ज होता. मुलुंडमधल्याच एका शाळेत क्रीडाशिक्षिकेची जागा. सोमवार शेवटचा दिवस. फक्त सही बाकी.

"ताई, तुझंच ऐकते ती. उद्या मढला शर्यत आहे तिची. जा आणि सही घेऊन ये."

"तू का नाही जात?"

"मी गेलो तर भांडण होईल."

"आणि मी गेले तर?"

"तुझ्याशी भांडायची कोणाची छाती आहे?"

गार्गी एकतीस वर्षांची आहे आणि व्यवसायाने सायकल चालवते. हे वाक्य मी आमच्या सोसायटीत बारा वर्षं समजावून सांगतेय, तरी लोक विचारतात, "हो, पण नोकरी कुठे?" ती रस्त्यावरच्या शर्यती करते आणि ट्रॅकवरच्याही, म्हणजे वाटीसारख्या कडा वर उचललेल्या धावपट्टीवर. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात. हे कळलं त्या दिवशी मी बनवणाऱ्या कंपनीला खरमरीत पत्र लिहायला बसले होते. दोन वर्षं ती बेल्जियममधल्या एका संघात होती. दोनदा गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. पदकं म्हणाल तर एका हाताच्या बोटांवर मावतील. आताच्या संघाचा करार वर्षावर्षाचा, आणि या शर्यतीनंतर सहाजणींतल्या चौघीच ठेवणार असं मॅनेजरने सांगून टाकलं होतं. सुधीरला वाटत होतं, आता पुरे. मलाही.

ज्यांना मढला जायचं असेल त्यांनी ऐका. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत रिक्षा, तिथून पहिली मेट्रो, शेवटचं स्टेशन वर्सोवा. नाव वर्सोवा असलं तरी खाडी तिथून बरीच लांब आहे, त्यामुळे उतरून पुन्हा रिक्षा. असं नाव देणाऱ्याला मी एकदा भेटू इच्छिते. जेट्टीवरून फेरीबोट, तिकीट चहाच्या किमतीचं. माणसं, मोटारसायकली, माशांच्या टोपल्या, सगळं एकत्र. बसायला जागा सापडेपर्यंत पलीकडचा काठ येतो. स्वच्छतागृहाचं काम मेट्रो स्टेशनवरच उरका. आणि साडी नेसू नका. मी नेसले होते.

बोटीत शेजारच्या कोळीणबाईंनी विचारलं, "कुठं चाललीस बाय, चर्चला?"

"सायकलची शर्यत बघायला. भाची आहे माझी."

"जिंकंल का?"

"ते तिलाही माहीत नसतं," मी म्हटलं.

मढ ते मार्वे आणि परत, अशा पाच फेऱ्या होत्या. मी गावाबाहेर, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंजवळ, छत्री उघडून उभी राहिले. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत माझ्यासमोरून सगळ्यांत पुढे गेली ती गार्गी. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या घट्ट चड्डीतल्या गृहस्थांना सांगितलं, "पहिली आहे ना, ती माझी भाची."

"काकू, ती पहिली नाही. ती वारा अंगावर घेतेय."

"म्हणजे?"

"तिच्या मागे निळ्या हेल्मेटची आकांक्षा आहे ना, ती यांची कॅप्टन. पुढे असेल तिला वारा लागतो, मागचीची ताकद वाचते. शेवटी ती सुटणार."

"मग आकांक्षाने स्वतःचा वारा स्वतः घ्यावा की. आणि पहिली कोण मग?"

"अजून कोणीच नाही."

"तासभर झाला दामटतायत!"

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खेळाच्या दिवशी सिस्टर पहिली, दुसरी, तिसरी एवढंच मोजायच्या. ते सोपं होतं.

चौथ्या फेरीत माझ्यापासून दहा पावलांवर फट् असा आवाज झाला. निळं हेल्मेट थांबलं. तिचं पुढचं चाक बसलं होतं. गार्गीही थांबली. उतरली, सायकल उलटी केली, स्वतःचं पुढचं चाक काढलं आणि आकांक्षाच्या सायकलला बसवू लागली. दोघींत एक शब्दही नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्या बयेने माझ्या भाचीचं चाक घेतलं आणि निघाली.

"ए! चाक दे तिचं!" मी ओरडले, आणि छत्री मिटून रस्त्यात आडवी धरली.

आकांक्षा कशीबशी वळसा घालून गेली. गार्गीने माझा दंड धरून मला मागे खेचलं.

"आत्या, वेडी झालीस का? मीच दिलंय ते!"

"का?"

"तिचं पंक्चर झालं म्हणून."

"आणि तू?"

"मी इथेच. आमची गाडी मागच्या घोळक्यात अडकलीय. ती येईपर्यंत माझी शर्यत संपलेली असेल."

एका चाकाची सायकल बांबूला टेकवून ती कठड्यावर बसली. हात तेलाने काळेकुट्ट. समोरून बाकीच्या मुली भराभर निघून गेल्या. बांबूंजवळ बोंबील पसरणारी एक कोळीण म्हणाली, "पोरी, सरक जरा, सावलीत बस." मी मात्र संतापले होते, आणि कोणावर ते समजत नव्हतं.

"निकालात काय लिहितील तुझ्यापुढे?"

"शर्यत अपूर्ण."

"आणि चाकाचं?"

"चाकाचा रकाना नसतो, आत्या."

"हा कुठला न्याय?"

"तू चौतीस वर्षं ऑफिसात साहेबांची भाषणं लिहिलीस. खाली नाव कोणाचं असायचं?"

"त्याचा मला पगार मिळायचा."

"मलाही मिळतो. म्हणजे, आजपर्यंत मिळत होता."

मग मी लिफाफा काढला. दुसरं काय करणार, त्यासाठीच आले होते. तिने अर्ज दोन्ही हातांनी धरून शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं, फेकून देईल. तिने वरही न बघता विचारलं, "बाबांनी भरलाय ना? अक्षर त्यांचंच आहे." मग अर्ज मांडीवर सपाट केला. "आज पहिल्या पाचांत आले असते तर मॅनेजरशी बोलता आलं असतं. दे, करते सही. पेन आहे?"

माझ्या पर्समध्ये दोन पेनं होती. एक निळं, एक काळं. शाळेत असल्यापासून मी पेनाशिवाय घराबाहेर पडलेली नाही.

"नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. अर्ज घडी करून परत दिला. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. तिने चाक का दिलं हे मला पटलेलं नव्हतं, अजूनही नाही.

आकांक्षा दुसरी आली, अर्ध्या चाकाने मागे पडून. ते अर्धं चाक माझ्या छत्रीपायी गेलं का, असं मी गार्गीला विचारलं. "शेवटच्या वळणावर तिची चूक झाली," ती म्हणाली. ती चटकन म्हणाली, म्हणून माझा विश्वास बसला नाही. आकांक्षा आली आणि सरळ माझ्या पाया पडली. छत्री लपवायला जागा नव्हती.

परतीला मढहून मालाडला बस मिळते, खिडकी डावीकडची घ्या. मी काहीच पाहिलं नाही.

संध्याकाळी सहाला गार्गीचा फोन आला. तिला ठेवलं होतं, आणखी एक वर्ष. काढलेल्या दोघींत एक तर शर्यतीत चौथी आलेली. मॅनेजर म्हणाला म्हणे, ती पाचही फेऱ्यांत एकदाही वारा घ्यायला पुढे आली नव्हती. शर्यत पूर्ण न करणारी राहते आणि चौथी येणारी घरी जाते, असला हिशोब मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी तिला तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर तेच.

सातला सुधीर आला. मी अर्ज टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी, आणि दोन्ही कडांना काळ्या बोटांचे ठसे.

"सही?"

"पेन नव्हतं."

"तुझ्याकडे?" त्याने माझ्याकडे, मग पर्सकडे पाहिलं. तो मला साठ वर्षं ओळखतो. मी बातमी सांगितली, शर्यतीचंही सगळं सांगितलं, छत्रीसकट. तो अर्ज उलटसुलट करत बसला. मी चहा टाकायला उठले, तेव्हा त्याने मागून विचारलं, "ते चाक तिला परत मिळालं का गं?"

हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मी फोन लावून त्याच्या हातात दिला.