मी सांगितलेला अर्थ

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मावशीला नाही, वर्गातल्या एकाही मैत्रिणीला नाही. आईला तर — आईला सांगायचंच म्हणून कितीदा तरी रोह्याहून निघाले, आणि पेणच्या स्टँडवर उतरेपर्यंत दुसरंच काही बोलायचं ठरवून टाकलं. आता तुम्हाला सांगते आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

वर्गातून सुरुवात करते, तिथून जरा सोपं जाईल. रोह्याच्या कॉलेजात मी इंग्रजी विषय घेतलाय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मागे एकदा सरांनी प्रत्येकाला रोजच्या वापरातला एकेक इंग्रजी शब्द दिला — त्याचे सुचतील तेवढे अर्थ उभं राहून सांगायचे. मला आला 'सिंपल'. मी सांगत गेले. साधा, सोपा, सरळ. 'प्लेन', म्हणजे नक्षी नसलेला. 'प्युअर', म्हणजे निर्मळ. 'सिन्सिअर', म्हणजे आतबाहेर एकच असलेला. भोळा. निखळ. सर म्हणाले, वा, शब्दाच्या पोटात शिरून आलीस. मी खाली बसले आणि वही मिटली. त्यांना काय ठाऊक, हा शब्द मला आधी कुठे भेटला होता?

आमचं गाव हमरापूरला लागून. घरोघरी गणपतीचे कारखाने. आमचा स्वतःचा नाही, आई शेठच्या कारखान्यात जायची. डोळ्यांची आखणी करायची. बाकीचा रंग बरेच जण देतात, पण डोळे ठरावीक हातच काढतात. आणि आई ते काढताना मूर्ती उंचावर ठेवायची, स्वतः खाली जमिनीवर बसायची. म्हणायची, घरी माणूस बाप्पापुढं खालीच बसतं, मग बाप्पानं खाली बघायला नको? बारीक रेघ. पापण्यांचा थाट नाही, चमकी नाही. बारावीची परीक्षा झाली तेव्हा तिने माझ्याही हातात ब्रश दिला. माझा हात बरा होता — हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. माझा हात बरा होता, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

त्या उन्हाळ्यात कारखान्यात एक बाई येणार होत्या. परदेशात वाढलेल्या, मराठी न येणाऱ्या. तिकडच्या लोकांसाठी त्यांना पुष्कळ मूर्ती न्यायच्या होत्या. शेठ आदल्या दिवशीच आईला म्हणाले, ही ऑर्डर मिळाली तर मायलेकी दोघी डोळ्यांवर बसा, वर्षभर मान वर करायला नको. आणि माझ्याकडे बघून हसले. "कॉलेज काय पळून जातं गो? पुढल्या वर्षी जा." आई नको म्हणाली नाही. रोह्याला मावशीकडे राहायचं ठरलं होतं, बॅगसुद्धा आणली होती. मी आईच्या तोंडाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. इंग्रजी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, शेठनी मला बोलावलं. बाई एकेका रांगेतून फिरल्या आणि आईच्या मूर्तींपाशी थांबल्या. मग चांगल्या कपड्यांनिशी तिथेच धुळीत खाली बसल्या. नंतर हळूच म्हणाल्या, 'सिंपल'. पुन्हा म्हणाल्या, 'सो सिंपल'. मग सांगू लागल्या — इतके निर्मळ डोळे मी कधी पाहिले नाहीत, मधे काहीच आड येत नाही, हा माझ्याचकडे बघतोय. त्यांचे डोळे भरून आले होते. ते मला दिसत होतं. आई आणि शेठ त्यांच्या पाठीमागे होते.

मला शब्दन् शब्द कळला. एवढं इंग्रजी सलग कळण्याची ती पहिलीच वेळ. त्याचा आनंद झाला होता मला — सांगायला लाज वाटते, पण झाला होता.

त्या दोघांना मात्र एकच शब्द कळला. आमच्या कारखान्यात सिंपल म्हणजे खडे न लावलेला, कमी भावाचा माल. आईचा ब्रश हवेतच थांबला.

"काय म्हनतेय गो ती?"

माझ्याकडे वेळ होता. हे मला कबूल करायचंय. घाईत तोंडून निघालं असं नाही. सगळे अर्थ माझ्यापुढे मांडलेले होते, आणि मी त्यांतला एक निवडला.

"साधे वाटले तिला," मी म्हणाले. "नाय आवडले."

मग बाईंनी मला विचारलं, आमच्या सगळ्या मूर्तींचे डोळे ह्या काढतील का? मी इंग्रजीत सांगितलं, ती हे काम सोडतेय. तेव्हा ते खोटं होतं. त्याच उन्हाळ्यात खरं झालं. बाई थोड्या मूर्ती घेऊन गेल्या. शेठनी पेणहून एक पोरगा आणला, मोठे, चमकदार डोळे काढणारा. आईला खडे चिकटवायला बसवलं. ती भांडली नाही. मला म्हणाली, "जा तू रोह्याला. हितं काय हाय आता."

हेच हवं होतं ना मला? मला शिकायचंय, एवढं तिला म्हटलं असतं तर तिने अडवलं असतं? बहुतेक नसतं. मी विचारलंच नाही.

यंदा गणपती तोंडावर आले आणि तो पोरगा दुसऱ्या कारखान्यात निघून गेला. बिनडोळ्यांच्या मूर्ती रांगेने उभ्या. मी सुट्टीला घरी आले होते, आईला हात द्यायला कारखान्यात बसले होते. शेठ स्वतः आले, ब्रश पुढे धरला.

"बस गो वैनी. तुझाच हात हाय तो."

आईने वर पाहिलं नाही. "नको शेठ. माझं डोले सिंपल होतात."

"ती एक बाई बोलली गो कधीतरी. तिचं काय धरून बसलीस?"

"बाईचं नाय धरलं," आई म्हणाली. "माझ्या पोरीनं सांगितलं ना. तिला इंग्रजी येतं."

तिच्या आवाजात अभिमान होता. शेठ माझ्याकडे बघत उभे राहिले. आईनेही मान वळवली, हसली.

मी हातातला खडा मुकुटावर नीट बसवला, आणि दुसरा उचलला.