कपाळावरचं शिंग

डोकं तुटलं तेव्हा साहेब चहाला गेले होते.

डोकं पतंगाचं. दिव्यावर येतो तो. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी सोलापुरात शेतीच्या एका संशोधन केंद्रात असिस्टंट होतो. हा पतंग मंगळवेढ्याच्या ज्वारीत, दिव्याच्या सापळ्यात सापडला होता. साहेबांना वाटत होतं, हा वाळवंटातल्या जीनसचा. जीनस म्हणजे पतंगांची एक भावकी. या भावकीचा कोष कडक जमिनीत असतो. पतंगाला ढेकूळ फोडून वर यावं लागतं. म्हणून कपाळावर शिंगासारखा टणक उंचवटा आणि पुढच्या पायाला नखी. रंग मातकट, पण तो शंभर पतंगांचा असतो. कपाळ बघायचं तर ब्रशनं खवले पुसावे लागतात.

मी पुसत होतो. कपाळ अर्धं उघडं झालं, तेवढं सपाट होतं. ब्रश जोरात लागला. डोकं उडालं ते सापडलंच नाही.

तुलनेसाठी राजस्थानहून मागवलेल्या डबीत त्याच भावकीचा एक पतंग वाटेत फुटला होता. त्याचं सुटं डोकं मी गोंदानं चिकटवलं.

साहेब मायक्रोस्कोपला डोळा लावून ओरडले, "देवकर, शिंग बघ की!" मग पाय बघितले. "नखी कशी न्हाय रे? डोकं ह्याचंच ना?"

"व्हय साहेब."

वर्षअखेर ते रिटायर होणार होते. नावावर एक तरी शोध असावा, एवढीच त्यांची हौस. त्यांनी पायापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

तो पतंग घेऊन पुण्याच्या मीटिंगला दोघं गेलो. तिथल्या तज्ज्ञांनी भिंगातून पाहिलं आणि मानेवर पाण्याचा थेंब सोडला. गोंद विरघळला. डोकं टेबलावर पडलं. मागं कुणीतरी हसलं.

"हे कुणी चिकटवलं?"

मी डोकं उचलायला वाकलो.

साहेब म्हणाले, "टेबल माझं आहे. जबाबदारी माझी."

परतीच्या एस.टी.त मोहोळ आलं. साहेबांनी विचारलं, "खरं कपाळ कसं होतं?"

"दिसलं तेवढं सपाट."

"मग तेवढंच सांगायचं की. मला चाललं असतं."

ते रिटायर झाले. पुण्यात खरं कुणालाच कळलं नाही. मी सांगितलं नाही.

आता नव्या मुलांना शिकवतो : तुटलेलं डोकं चिकटवू नका. औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून, पतंग टोचलाय त्याच टाचणीला लावा. हरवलं तर लेबलवर लिहा, डोकं नाही.